बुडणाऱ्यांची बोट

भरे, ता. मुळशी
सोमवार, ५ जानेवारी २०२६

ती. सौ. कल्पनाताईस,
धाकट्या भावाचा गारठलेला, पण पूर्ण वाकून केलेला नमस्कार. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की काल सकाळी धरणाच्या काठावर माझी कानटोपी जप्त झाली. दाजींनी महाबळेश्वरहून आणलेली, तपकिरी, बोंडवाली. मी शर्यतीचा टायमकीपर म्हणून घड्याळ घेऊन उभा. उगवतीचा वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर न येता थेट कानात जावं. तेवढ्यात बोट क्लबचे अध्यक्ष अण्णासाहेब पुढे आले आणि म्हणाले की मास्तर, पाहुणे फोटो काढतात, त्यात तुमची कानटोपी बरी दिसत नाही. बदल्यात क्लबची टोपी मिळाली. तिला पुढे हातभर चोच आहे, मागे पट्टा आहे, वर शिडाचं चित्र आहे. कानांची तरतूद नाही. कान हा अवयव क्लबच्या घटनेतच नसावा. कुणाची तक्रार ऐकायची वेळ आली तर उगाच अडचण.

तू म्हणशील, मग घड्याळ धरायला जातोस कशाला? मी नोकरीपायी भऱ्यात राहिलो तरी गाव धरणाकाठचंच, आणि क्लबचा धक्का आपल्या भावकीच्या जमिनीवर. भाडेपट्टा झाला तेव्हापासूनचा रिवाज आहे की बोटी बंगलेवाल्यांच्या, पण घड्याळ गावच्या माणसाच्या हातात. गावावरच्या प्रेमापोटी नव्हे. एका बंगल्याचा दुसऱ्या बंगल्यावर विश्वास नाही म्हणून.

आता तुझ्या लेकीची बातमी. क्षितिजा काल पहिली आली! आणि हे कसं झालं ते अण्णासाहेबांना अजून उमगलेलं नाही. या थंडीतल्या शर्यतीत प्रत्येक बोटीला एक आकडा असतो, त्याला हँडिकॅप म्हणतात. चपळ बोटीच्या वेळेत भर घालायची, जड बोटीला सूट द्यायची, म्हणजे म्हातारीलाही तरुणीबरोबर पळता येतं. कल्पना न्यायाची आहे, पण आकडे ठरवते अण्णासाहेबांची समिती. क्षितिजाची भिंगरी म्हणजे क्लबने मोडीत काढलेली प्लायवूडची बोट. पोरीने दोन पावसाळे खपून ती उभी केली. समितीचं म्हणणं, दुरुस्त झाली म्हणजे ती नवी झाली, सबब सूट अर्धी. अण्णासाहेबांचा पुतण्या अनिमेष याची बोट मात्र खरोखर नवी, परदेशातून आलेली; तिला सूट पूर्ण, कारण मालकाला तिची अजून सवय नाही. तरी आपली पोर पहिली.

असे तीन रविवार मिळून जो वरचढ ठरेल त्याला क्लबची कोरी बोट वर्षभर वापरायला मिळते. क्षितिजाचं सगळं लक्ष त्या बोटीवर आहे. ती मिळाली तर मार्चात गोव्याच्या स्पर्धेत उतरता येईल. भिंगरीला तिथे कुणी पाण्याजवळ उभं करणार नाही. हिंजवडीतल्या ऑफिसात दिवसभर काय करते ते मला कळत नाही, पण रात्री जेवताना ताटात वाऱ्याच्या दिशा काढते एवढं दिसतं.

काळजी करू नकोस. बोट उलटली तर माणूस उचलायला एक मोटरबोट कायम पाण्यात उभी असते. ती आपल्या घरी राबलेल्या धोंडाबाईचा नथू चालवतो. फोन न करता लिहिलं, कारण फोनवर मी ओरडतो आणि तू कट करतेस. कागदावर निदान ओरडून झाल्यावर सही करावी लागते.

दाजींना कानटोपीबद्दल जपून सांग. लोभ आहेच, त्याला थोडी ऊब लाव.

तुझा,
शेखर

•

कराड
गुरुवार, ८ जानेवारी

चि. शेखर यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि कान धरता आला असता तर तोही धरला असता.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. लेक पहिली आली यावर त्यांनी मान डोलावली आणि कानटोपी गेली यावर चहा खाली ठेवला. त्यांची दुःखं अशीच आहेत.

मला मात्र त्या मोटरबोटीपाशी अडखळायला झालं. तू एका ओळीत काळजी करू नकोस म्हणतोस आणि पुढे जातोस. माझी पोर जानेवारीच्या पाण्यात पडली तर मध्ये तेवढी एकच वस्तू आहे, हे मला कळत नाही का? नथूला माझा निरोप सांग. बिचाऱ्याचा स्वभाव लहानपणापासून असा की कुणी हाक मारली की निघाला. मी माहेरी असताना त्याला एक जण दुकानात पाठवायचा, दुसरा विहिरीवर, आणि धोंडाबाई जेवायला वाढून वाट बघत बसायची. त्याला म्हणावं, शर्यत चालू असेल तेव्हा कुणाची हाक ऐकू नकोस.

डिंकाचे लाडू पाठवतेय. क्षितिजाचे आहेत. तू मोजून खा म्हणत नाही, खाऊच नकोस.

मायेत कमी नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून वेगळं लिहीत नाही.

तुझी,
ताई

•

भरे
सोमवार, १२ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार, आणि घाईने लिहितोय, म्हणून अक्षर सांभाळून घे.

आधी हे वाच: क्षितिजा बरी आहे. ऑफिसलाही गेली. आता पुढचं.

काल वारा मागच्या रविवारच्या दुप्पट होता. पाणी काळं, वर पांढरे तुरे. पहिल्या वळणाची खूण म्हणून तरंगणाऱ्या बोयापर्यंत भिंगरी सगळ्यांच्या पुढे, आणि मागे अनिमेष, कारण त्याची बोट चांगली आहे आणि ती त्याला ओढत नेते. बोयापाशी वाऱ्याचा एक सपकारा आला आणि त्याची बोट आडवी झाली. पुरती पालथी. शीड पाण्याखाली, पोरगा एका हाताने बोटीचा तळ धरून. मी दुर्बिणीतून बघत होतो. दोनदा पाय वर टाकायचा प्रयत्न केला, घसरला. मग प्रयत्नही थांबला. नुसतं डोकं दिसत होतं.

आणि मोटरबोट जागेवर नव्हती.

मी सगळं पाणी धुंडाळलं. ती धरणाच्या भिंतीच्या बाजूला, लांब, अण्णासाहेबांच्या पाहुण्यांना घेऊन गेलेली. शालवाल्या बायका उभ्या राहून फोटो काढत होत्या, आणि नथू बोट सरळ ठेवून बसला होता. मी शिट्टी फुंकली, टोपी हलवली, शेवटी क्लबचं निशाण उपटून हलवलं. पाहुण्यांनी मलाही हात केला.

तुझ्या लेकीने मागे वळून पाहिलं, शीड सोडलं आणि शर्यत टाकून परत फिरली. अनिमेषला काखेत धरून वर ओढताना तिची बोट दोनदा कलली. भिंगरीत दोघं बसत नाहीत. ती अर्धी पाण्यात राहिली. काठाला आले तेव्हा त्याचे ओठ जांभळे, आणि तिला बोटं मिटता येईनात. साळूबाई धक्क्यावर चहा विकते ना, तिने दोघांना चुलीपुढे दाबून बसवलं. गारठून मरायला लोक पैसे भरून येत्यात, आमी तर घरात बसून फुकट मरतुया, असं म्हणत तिने वाकळ दोघांवर टाकली. वर क्लबच्या काचेच्या खोलीत हीटर चालू होता. खाली कुणी आलं नाही.

शर्यत अर्धवट राहिली म्हणून क्षितिजाला सातवी धरलं. आता ऐक. शर्यतीचा नियम आहे, जगभर आहे: संकटातल्या खेळाडूला मदत करायला जो थांबतो, त्याची गेलेली वेळ त्याला भरून मिळते. नाहीतर कोण थांबेल? तिने संध्याकाळी तसा अर्ज दिला. अण्णासाहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, संकट? कसलं संकट? आणि त्यांचा पुतण्या, ज्याच्या अंगावर अजून साळूबाईची वाकळ होती, तो म्हणाला की त्याने मदत मागितलीच नव्हती. तो बोट सुलटी करण्याचा सराव करत होता.

ताई, मी तीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकतोय. ही एकाही वर्गात चालली नसती.

कारण उघड आहे. संकट होतं म्हणावं तर लगेच पुढचा प्रश्न येतो, मोटरबोट कुठे होती? म्हणून संकटच नव्हतं. येत्या रविवारी शर्यत नाही, क्लबात हळदीकुंकू आहे. त्याआधी शनिवारी समिती सुनावणी घेणार. मला साक्षीला बोलावलंय. जाणार, आणि बोलणार.

आशीर्वाद दे, तोही जरा धारदार.

तुझा,
शेखर

•

कराड
बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

चि. शेखर यास,
तिळगूळ पाकिटात आहे. गोड बोलू नकोस.

पत्र वाचून मी देवापुढे जाऊन बसले आणि मग उठून ह्यांच्याशी भांडले, कारण तू जवळ नाहीस. पाहुण्यांना फोटो काढायला बुडणाऱ्यांची बोट! आणि तो पोरगा माझ्या पोरीच्या हाताला धरून वर आला आणि वर येऊन म्हणतो सराव. त्याच्या आईला हे कळलं तर ती काय करेल? मी तर बाई सुनावणीला आले असते, पण ह्यांचे गुडघे.

आपल्या घरात बोलणारा तूच. आईचं तोंड तुला आलं आणि माझ्या वाट्याला नुसता राग. बोल. एकालाही सोडू नकोस. क्षितिजाला तिचं ते मिळालंच पाहिजे.

तुझ्या पाठीशी कायम, आणि आज जरा पुढेच,
ताई

•

भरे
रविवार, १८ जानेवारी

ती. ताईस,
विजयी नमस्कार. वि. वि. की तुझा भाऊ काल नुसता बोलला नाही, गाजला.

समिती बसली होती काचेच्या खोलीत. आधी प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवला गेला, म्हणजे भांडणाला तोंड उघडायच्या आत ते भरलं जावं. अण्णासाहेबांनी क्लबची परंपरा सांगितली. क्लब स्थापन होऊन एवढे दिवस झालेत की परंपरा सांगायला त्यांना चहाही पुरला नाही. मग अनिमेष उठला. खाली बघत म्हणाला, सराव होता. किती वेळ पाण्यात होतास विचारलं तर म्हणे लक्षात नाही. मी म्हणालो, बरोबर आहे, जांभळं झालेल्या माणसाला वेळ कळत नाही, म्हणून क्लबने घड्याळ माझ्याकडे दिलंय. समितीतले, स्वतःही शर्यतीत उतरणारे, कासार आंबोली गावचे दातांचे डॉक्टर हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागले.

क्षितिजाने शांतपणे सांगितलं: त्याचं डोकं दिसत होतं, हात दिसत नव्हता, म्हणून वळले. बास. तिचं बोलणं असं की त्यात समितीला धरायला काही सापडत नाही.

मग अण्णासाहेब माझ्याकडे वळले. फार मऊ आवाजात त्यांनी विचारलं की मास्तर, तुम्ही दुर्बिणीतून सगळं बघत होतात, तर आमची मोटरबोट त्या वेळी कुठे होती? मला वाटलं, आला सापळ्यात. म्हणालो, "नथूची बोट ना? ती नथू वरातीला घेऊन गेला होता. नवरदेव मागे बुडत होता."

खोलीभर हशा. डॉक्टरांना ठसका लागला. अण्णासाहेबही हसले, ताई, आणि हसत हसत त्यांनी स्वतःच्या हाताने माझं वाक्य वहीत उतरवून घेतलं. म्हणाले, मास्तर, ही तुमची साक्ष धरतो. मी म्हटलं, अवश्य धरा. निकाल दोन दिवसांत सांगतो म्हणालेत, पण खोलीतली हवा मला कळते. वेळ भरून मिळणार. बोट आपलीच.

क्षितिजा घरी येताच न जेवता झोपली. दमली असणार. तुझा तिळगूळ मी एकट्याने संपवला. लाडूंबद्दल काही विचारू नकोस.

माया आहेच, तिच्यात थोडं कौतुक मिसळायला हरकत नाही.

तुझा,
शेखर

•

भरे
मंगळवार, २० जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. ऑफिसच्या कॅबमध्ये लिहितेय, ट्रॅफिकमुळे वेळच वेळ आहे. घरी लिहिलं असतं तर मामाने विचारलं असतं काय लिहितेस.

आई, फोनवर हे मला नीट सांगता आलं नसतं, आणि तू मध्येच रडली असतीस.

काल संध्याकाळी क्लबने मला एकटीला बोलावलं. अण्णासाहेब म्हणाले, अभिनंदन, तुझी वेळ तुला भरून देतोय. मग एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की मोटरबोटीचा चालक नथू आपली जागा सोडून, कुणाला न सांगता, स्वतःच्या मर्जीने बोट घेऊन गेला. असं टायमकीपरांनी समितीसमोर सांगितलं. सबब त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. त्याखाली माझी सही हवी होती, मदत करणारी खेळाडू म्हणून. अनिमेषची आधीच होती. शनिवारी तो बुडत नव्हता, सोमवारी बुडाला.

मामाने तसं सांगितलं नव्हतं. पण तो म्हणाला, 'नथू घेऊन गेला.' शनिवारी सगळे हसत होते तेव्हा मी अण्णासाहेबांचं पेन बघत होते. पाहुण्यांना फिरवून आण असं नथूकाकाला त्यांनीच सांगितलं होतं, हे मामाला माहीत आहे, मला माहीत आहे, साळूबाईला माहीत आहे. मामाला ते सांगायचंच होतं. पण त्याने वाक्य चांगलं केलं, आणि त्या चांगल्या वाक्यात साहेब उरले नाहीत, फक्त नथूकाका उरले.

मी खाली जाऊन नथूकाकांना विचारलं. ते इंजिन पुसत होते. म्हणाले, साहेबांचं पावनं हायेत, त्यांना न्हाई कसं म्हनायचं. मग म्हणाले, पोरी, तू सही कर, बोट सोडू नगंस, माझं काय, मी कुटं तरी लागंन. धोंडाबाई आजी अजून आहे, तिच्या औषधांचं काय हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मी वर जाऊन अर्ज मागे घेतला. मदत केलीच नाही म्हटल्यावर मदतीची चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हटल्यावर तो कागदही नाही. अण्णासाहेबांनी तो माझ्यासमोर फाडला. खूश झाले. मला खिलाडूवृत्तीची मुलगी म्हणाले. आई, एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. खाली येऊन मी भिंगरीच्या तळाला इतकं घासलं की रंग गेला.

नवी बोट गेली, माझं मीच ठरवलं. गोवाही गेलं. मामाला इतक्यात सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल म्हणून नाही. तो परत काहीतरी बोलेल म्हणून.

बाबांच्या गुडघ्यांना विचारलंय म्हणून सांग. माझ्यावर आहे तेवढीच माया राहू दे, वाढवलीस तर मला रडू येतं.

तुझी,
क्षितू

•

कराड
गुरुवार, २२ जानेवारी

शेखर,
आशीर्वाद मागाहून.

क्षितिजाने तुला सांगू नकोस म्हटलंय, म्हणून सांगतेय. तिचं पत्र सोबत घातलंय, सगळं वाच.

मीच तुला बोल म्हटलं. एकालाही सोडू नकोस म्हटलं. तू खरंच कुणाला सोडलं नाहीस, आणि जो खाली उभा होता त्याच्यावर पडलं. माझ्या वाट्याचं मी धोंडाबाईला भेटेन तेव्हा बघेन. तुझ्या वाट्याचं तू बघ. पण कृपा करून त्या क्लबात जाऊन भाषण करू नकोस. माफीचंसुद्धा नको. तुझ्या माफीलाही लोक हसतील, इतकी ती चांगली होईल.

रविवारी शेवटची शर्यत आहे. वारा वाढणार म्हणतात. माझी पोर पाण्यात असणार.

ताई

•

भरे
सोमवार, २६ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार. शाळेत झेंडावंदन करून आलो आणि लिहायला बसलो.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोनदा वाचलं. क्षितिजाला काही बोललो नाही. तिने माझा चेहरा पाहिला आणि पानात एक भाकरी जास्त वाढली. रात्रभर मी अण्णासाहेबांना उद्देशून भाषणं केली. एकापेक्षा एक होती, ताई. त्यातलं एकही केलं नाही.

काल सकाळी धक्क्यावर गेलो आणि घड्याळ क्लबच्या कारकुनांच्या हातात दिलं. ते म्हणाले, हे काय, गावचा रिवाज आहे. म्हटलं, आज गाव दुसरीकडे बसणार आहे. आणि जाऊन मोटरबोटीत नथूच्या शेजारी बसलो. मला पोहायला यथातथाच येतं आणि इंजिनाच्या वासाने मळमळतं हे तुला ठाऊक आहे. नथूने विचारलं की मास्तर, तुमी हितं कशाला. म्हटलं, वारा बघायला. तो हसला नाही. त्याने बसायची जागा हाताने पुसून दिली. त्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शर्यत सुटली. पाणी त्या रविवारपेक्षा वाईट. थोड्याच वेळात एक बोट कलंडली, आपोआप सुलटी झाली. नथू तिकडेच बघत होता. तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली. अण्णासाहेब, आणि त्यांच्या मागे पाहुणे: एक जोडपं, शाली, हातात फोन आणि एक छोटं कुत्रं, त्यालाही स्वेटर. अण्णासाहेबांनी आवाज दिला की नथू, यांना जरा भिंतीपर्यंत फिरवून आण, पाच मिनिटं. माझा संताप असा वर आला की कानांतली थंडी गेली. या माणसाला पंधरवड्यापूर्वीचं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं, आणि त्याने काही बिघडलं नव्हतं, म्हणून परत.

नथूने बोट धक्क्याला लावली. हात पुढे केला, बाईंना उतरून घ्यायला. त्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या घरात कुणालाच आलं नाही, आपणही कधी येऊ दिलं नाही, ताई. मी उठून उभा राहिलो. तोंडात काय काय आलं होतं ते तुला लिहीत नाही, तुझ्या देवघरात चालणार नाही. ते सगळं गिळलं.

"नाही," म्हणालो. "ही बोट शर्यत संपेपर्यंत इथून हलणार नाही. आणि नको म्हणणारा मी आहे, नथू नव्हे. तसं लिहून घ्या."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. अण्णासाहेब म्हणाले, मास्तर, तुम्ही आता टायमकीपर नाही, कुणाच्या अधिकारात बसलात? मी नुसता खाली बसलो. बाईंना वाटलं काहीतरी पूजा वगैरे चालली असावी, त्या दोन पावलं मागे सरकल्या. अण्णासाहेबांनी परत नथूला नावाने हाक मारली. नथूने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि इंजिन उलटं फिरवून बोट पाण्यात घेतली. तो त्यांना नाही म्हणाला नाही. त्याला फक्त ऐकू आलं नाही.

त्यानंतर दोघांना उचललं. दुसरा अनिमेष. याही वेळी पालथा. वर ओढला तेव्हा दात वाजत होते, तरी नथूला म्हणाला की थँक्यू काका. माझ्याकडे बघितलं नाही. नथूने त्याला स्वतःचा स्वेटर दिला. मी दिला नसता.

क्षितिजा कालच्या शर्यतीत पहिली आली, सूट अर्धी असूनसुद्धा. तिन्ही रविवार मिळून तिसरी. कोरी बोट डॉक्टरांना मिळाली. त्यांनी ती घेतली, आणि घेताना क्षितिजाकडे बघायचं टाळलं. टाळ्या झाल्या. अण्णासाहेबांनी माइकवर यंदा एकही अपघात न होता स्पर्धा पार पडल्याबद्दल सर्वांचे आभार मानले. मी काठावर उभा राहून ते ऐकलं, आणि सांगतो तुला, मुठी अजून दुखतायत. तुझ्या लेकीने भिंगरी उलटी करून पाणी काढलं, ताडपत्री घातली आणि म्हणाली, चल मामा, भूक लागली.

तिला पुढे सोडून मी मोटरबोटीकडे परत गेलो. नथू दोर गुंडाळत होता. मी त्याला सांगितलं की ते वाक्य माझंच होतं. म्हणाला, ठावं हाय. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाला, वरात म्हनल्यावर दुसरं कोन आसंल. एवढंच. मग दोराचं दुसरं टोक त्याने माझ्याकडे टाकलं, मी धरलं, आणि दोघांनी बोट वर ओढून खुंटाला बांधली. फेब्रुवारीत सरावाचे रविवार सुरू होतात. त्याला म्हटलं, दर रविवारी मी तुझ्या शेजारी असेन, शर्यत असो नसो. तो म्हणाला, कानाला काय तरी बांधून या.

क्लबला आज चिठ्ठी पाठवली, घड्याळासाठी गावातला दुसरा माणूस बघा म्हणून. एकच ओळ लिहिली, तीही साधी.

धोंडाबाईकडे जाऊन आलो. तुझं नाव काढत होती. तिला नथूचं काही माहीत नाही, आणि मी सांगितलं नाही. भाकरीचं पीठ तिच्याच्याने आता मळवत नाही, म्हणून मी मळून दिलं. भाकरी वाईट झाली. तिने ती अख्खी खाल्ली.

तुझा लोभ आहे की नाही हे विचारत नाही. यायला जमलं तर ये.

तुझा,
शेखर